वाचकांचे प्रश्न : तबकड्यांचे पार्सल बांधताना

प्रश्न : मी जुन्या-नव्या सीडी आणि डीव्हीडी ऑनलाइन विकतो. पाठवण्यासाठी आतून बबलचे अस्तर असलेली तयार पाकिटे वापरतो. अलीकडे लागोपाठ तीन ग्राहकांनी सीडीची डबी तडकल्याची तक्रार केली. तबकडी मात्र तिघांचीही नीट वाजते. त्यानंतर मी बबल रॅपचे दोन वेढे वाढवले, तरी चौथी तक्रार आलीच. आता कोणते वेष्टन निवडावे?

उत्तर : ‘तबकडी मात्र नीट वाजते’ हे आपल्या पत्रातले अर्धे वाक्य निदानाला पुरेसे आहे. सीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती, आणि पॉलिकार्बोनेट हे थोडे वाकून पुन्हा सरळ होणारे चिवट प्लॅस्टिक आहे. ती ज्या पारदर्शक डबीत बसते ती ज्वेल केस मात्र पॉलिस्टायरीनची असते, जे दिसते काचेसारखे आणि मोडतेही बरेचसे काचेसारखेच. आपण विकतो ती वस्तू दणकट आणि तिचे घर नाजूक, असा हा उलटा मामला आहे.

तडकून परत आलेली एखादी डबी हातात घेऊन पाहावी. तिचे झाकण दोन बारीक कानांवर फिरते आणि त्यांतला एक कान बहुधा मुळाशीच तुटलेला असतो. आत मधोमध तबकडीला धरून ठेवणारे दातांचे कडे असते. त्यातले दोन-तीन दात मोडून डबीत सुटे पडलेले दिसतात. कान तुटला तर झाकण हातात येते, ग्राहक नाराज होतो, पण नुकसान तेवढ्यावरच थांबते. दात मोडले की तबकडी डबीत खुळखुळू लागते, आणि मोडलेला तुकडा तिच्याखाली अडकला तर उरलेल्या प्रवासभर तिला घासत राहतो. आपल्या ग्राहकांच्या तबकड्या आतापर्यंत वाचल्या, पण पुढचीही वाचेलच याची खात्री देता येत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण चरा नेमका कुठे पडला तर तबकडी वाया जाते याविषयी बहुतेकांचा समज चुकीचा असतो. सीडीची चकाकणारी खालची बाजू सगळे जपतात. वास्तविक तिचा परावर्तक थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो आणि त्याच्यावर केवळ पातळ लेप व शाई असते. खालच्या बाजूचा हलका चरा घासून घालवता येतो, पण छापील बाजूचा खोल चरा त्या थरालाच खरवडतो आणि तिथली नोंद कायमची जाते. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनवलेली असल्यामुळे तिची नोंद मधोमध सुरक्षित असते. ब्लू-रेमध्ये उलट परिस्थिती आहे : नोंदीचा थर वाचनाच्या बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणूनच त्यावर टणक लेप दिलेला असतो. म्हणून सीडी नुसत्या पाकिटात घालून पाठवायची झाल्यास तिच्या छापील बाजूला खरखरीत पुठ्ठा थेट टेकू देऊ नये आणि तिच्यावर किमतीची चिठ्ठी तर मुळीच चिकटवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बबल रॅप वाढवूनही तक्रार का आली? बबल धक्का शोषून घेतात, भार पेलत नाहीत. टपालाच्या किंवा कुरिअरच्या वाटेवर आपले पाकीट पोत्यात इतरांच्या खाली दबते, प्रतवारीच्या यंत्रात पट्टे आणि रुळांमधून वळणे घेत जाते, कधी एखाद्या जड खोक्याचा कोपरा नेमका त्याच्या मध्यावर टेकतो. अशा वेळी मऊ अस्तर दबते आणि संपूर्ण भार डबीवर येतो. शिवाय जास्त वेढ्यांनी पाकीट फुगते आणि रुळांमध्ये अधिकच दाबले जाते. इथे मऊपणाहून ताठपणा अधिक गरजेचा आहे, आणि तो नालीदार पुठ्ठ्याकडूनच मिळतो.

ज्वेल केस साधारण १४२ बाय १२५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर जाड असते. तिला लहान बुडबुड्यांच्या बबल रॅपचा एकच घट्ट वेढा द्यावा आणि ती चारही बाजूंनी दुमडून बंद होणाऱ्या, तीन-प्लाय (म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नालीदार थर असलेल्या) पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात ठेवावी. असे खोके निवडताना एकच गोष्ट काळजीपूर्वक पाहावी : बंद केल्यावर पुठ्ठ्याच्या कडा डबीच्या कडांपेक्षा प्रत्येक बाजूला किमान दीड-दोन सेंटिमीटर बाहेर येतात की नाही. पार्सल कोपऱ्यावर पडले तर ती मोकळी कड चुरगळते आणि आघात तिथेच जिरतो; कड डबीला भिडलेली असेल तर पुठ्ठा कितीही जाड असला तरी धक्का थेट डबीला बसतो.

डीव्हीडीच्या उंच डब्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि दाबल्यावर लवतात, तडकत नाहीत. त्यांच्यासाठी आपली बबलची पाकिटे चालतील, फक्त पाकिटात डबीच्या आकाराचा एक ताठ पुठ्ठा सरकवावा आणि बंद करण्यापूर्वी तबकडी मधल्या खुंटीवर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसली आहे ना, हे डबी उघडून पाहावे. मी स्वतः हे पाहणे एकदा टाळले आणि ग्राहकाकडे डबी धडधाकट पोहोचली, तबकडी मात्र आत मोकळी फिरून गोल-गोल चऱ्यांनी भरलेली होती.

डबीशिवाय, केवळ कागदी किंवा कापडी पाकिटातली तबकडी पाठवणे सर्वांत सोपे. तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे चौकोन ठेवावेत. एका चौकोनाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या याव्यात. नालीदार पुठ्ठा नाल्यांच्या दिशेने सहज दुमडतो, आडवा मात्र दुमडत नाही, त्यामुळे असे दोन तुकडे एकमेकांचा कमकुवतपणा झाकतात.

जुन्या सीडींच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. तबकडी कड्यातून काढून मऊ पाकिटात घालावी आणि बंद केलेल्या रिकाम्या डबीला लगटून, मध्ये पातळ पुठ्ठा ठेवून, एकत्र बांधावी. मग डबीचे काही झाले तरी तबकडी सुटी राहते आणि साधी डबी बदलून देणे कठीण नसते. मात्र रंगीत किंवा छपाई केलेली डबी, पुठ्ठ्याची घडीची वेष्टने आणि कारखान्याचे प्लॅस्टिक अजून न उघडलेल्या प्रती यांना हा उपाय लागू नाही. न उघडलेली प्रत उघडली की तिचे मोलच बदलते. कसे पाठवणार आहोत हे विक्रीच्या वर्णनातच लिहून ठेवावे, म्हणजे तबकडी डबीबाहेर पाहून ग्राहक बिचकत नाही.

बांधलेले पार्सल परीक्षेला लावावे. ते कानाजवळ धरून हलवावे. आवाज आला तर ते पुन्हा उघडावे. मध्यावर अंगठ्याने दाबावे. आतली डबी हाताला जाणवली तर पुठ्ठा अपुरा आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षित वाहतूक संघटना, म्हणजे आयएसटीए, हिच्या १-ए या चाचणीत हलके पार्सल ७६ सेंटिमीटरांवरून दहा वेळा टाकतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही पृष्ठांवर एकेकदा. टाकाऊ सीडी आणि रिकामी डबी वापरून ही चाचणी आपल्या टेबलाशेजारी करता येते. नवे वेष्टन घाऊक मागवण्यापूर्वी ती एकदा अवश्य करावी.

प्रश्न : मी एलपी रेकॉर्ड विकू लागले आहे. खास रेकॉर्डसाठी मिळणारी जाड पुठ्ठ्याची वेष्टने वापरते, कोपरेही शाबूत पोहोचतात, तरी दोन ग्राहकांनी कव्हरची कड उसवल्याचे छायाचित्र पाठवले. बाहेरच्या वेष्टनावर ओरखडासुद्धा नव्हता. हे कसे होते?

उत्तर : कव्हर आतून फाटले आहे, बाहेरून नाही. तीस सेंटिमीटर व्यासाची रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅम भरते, मुद्दाम जाड काढलेली १८० ग्रॅम. पार्सल उभे आपटले की कव्हर थांबते, आतली रेकॉर्ड मात्र वेगात असते. तिची पातळ कड आतल्या कागदी पाकिटातून कापत जाते आणि कव्हरच्या चिकटवलेल्या कडेवर सुरीसारखी उतरते. छायाचित्रे पुन्हा पाहा : फट बहुधा कडेच्या मधल्या भागात असेल, कोपऱ्यात नसेल, कारण चौकोनात बसवलेले वर्तुळ कडेला मधोमधच टेकते.

उपाय म्हणजे रेकॉर्ड तिच्या आतल्या पाकिटासह कव्हरमधून बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवणे आणि दोन्ही मिळून एका स्वच्छ पॉलिथीन पिशवीत घालणे. छापील आतले पाकीट असेल तर तेही कव्हरमध्येच राहू द्यावे आणि रेकॉर्डला साधे पांढरे पाकीट द्यावे. त्यानंतर दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठे, ज्यांच्या कडा कव्हरपेक्षा थोड्या बाहेर येतील. कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटर असते, म्हणून पुठ्ठे ३२-३२.५ सेंटिमीटरचे घ्यावेत. नाल्यांच्या दिशेबद्दल वर लिहिलेले इथेही लागू आहे, किंबहुना इथे अधिक, कारण एवढ्या मोठ्या पृष्ठाला वाकायला भरपूर जागा मिळते.

बबल रॅपचे बुडबुडे कव्हरवर थेट दाबले जाऊ देऊ नयेत. उष्णतेत आणि दाबाखाली त्यांचे गोल ठसे चकचकीत कागदावर उमटतात. जुन्या पीव्हीसी पिशव्याही टाळाव्यात, त्यांच्यामुळे रेकॉर्डवर कालांतराने धुरकट डाग पडतात. आणि ऐन उन्हाळ्यात पार्सल आठवड्याच्या शेवटी देऊ नये, म्हणजे ते बंद वाहनात किंवा गोदामात सुट्टीचे दिवस तापत पडणार नाही. वाकलेली रेकॉर्ड पुन्हा सरळ करण्याचे घरगुती उपाय अनेक जण सांगतात; माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

आपण पुढे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डही विकणार असाल तर हे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतील. त्या लाखेच्या असतात, वाकत नाहीत, सरळ तुटतात. सुरुवातीच्या काळात मी अशा तीन रेकॉर्ड एकावर एक ठेवून, भोवती भरपूर बबल रॅप गुंडाळून पाठवल्या. बाहेरून बंदोबस्त उत्तम होता, पण दोन रेकॉर्डच्या मध्ये काहीच नव्हते. मधली पाच तुकड्यांत पोहोचली. आता प्रत्येक रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये वेगळी बांधतो, तो गठ्ठा एका खोक्यात घट्ट बसवतो आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर भरण ठेवून घालतो. भरण म्हणून चुरगळलेला कागद चालतो, मात्र तो इतका ठासलेला हवा की झाकण लावताना किंचित दाबावे लागेल.

प्रश्न : मोठे खोके वापरले की कुरिअरवाले प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त आकारणी करतात. हे टाळता येईल का?

उत्तर : ती आकारणी आकारमानी वजनावर असते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कुरिअर सेवा त्याला ५,००० ने भागतात, आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनाहून जास्त असतील तर तेच धरतात. एका एलपीसाठी ३५ बाय ३५ बाय १० सेंटिमीटरचे खोके घेतले तर हिशेब २.४५ किलोचा होतो. उंची ४ सेंटिमीटरवर आणली की तोच ०.९८ किलोवर येतो, आणि आतली एलपी तर पुठ्ठ्यांसकट याहून हलकी असते. म्हणजे पैसे वाचवायचे ते उंचीत, पुठ्ठ्यात नाही. आपल्या सेवेचा भाजक आधी विचारून घ्यावा, तो सगळीकडे एकच नसतो.

वापरलेली खोकी पुन्हा वापरायला हरकत नाही, फक्त ज्यांचे कोपरे मऊ पडले आहेत किंवा नाल्या चेपल्या आहेत ती टाकून द्यावीत. जुना पत्ता आणि विशेषतः जुना बारकोड पूर्ण झाकावा, नाहीतर यंत्र तोच वाचते आणि पार्सल भलत्याच गावी निघते.

प्रश्न : पावसापासून काय काळजी घ्यावी? आणि ‘नाजूक वस्तू’ असा शिक्का मारावा का?

उत्तर : पाण्याचा बंदोबस्त आत करावा. तबकडी आणि कव्हर पॉलिथीनच्या पिशवीत बंद केले की बाहेरचा पुठ्ठा भिजला तरी छपाई वाचते. पिशवीला टेप लावावी, पण ती उघडताना कव्हरला चिकटणार नाही अशी टोक दुमडून. मात्र पिशवी बांधण्याआधी कव्हर दमट नाही ना, हे पाहावे, कारण आत कोंडलेली ओल बाहेरच्या पावसाइतकीच वाईट. खोक्याची मधली फट आणि दोन्ही टोकांच्या फटी अशा तिन्हींवर, इंग्रजी एच अक्षराच्या आकारात टेप लावली की कडेने पाणी शिरत नाही. पत्त्याच्या चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावल्यास बारकोडवर तिची सुरकुती येऊ देऊ नये, आणि आत पत्त्याची दुसरी चिठ्ठी ठेवावी.

शिक्का जरूर मारावा, त्याने अपाय नाही. फक्त प्रतवारीचे यंत्र तो वाचत नाही.