ब्राझीलमध्ये मिशनवर असलेल्या शेजारच्या मुलाचा १९वा वाढदिवस: युटातून काय पाठवावं?

तुम्ही युटात राहता. शेजारच्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबातला मुलगा दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, ब्राझीलला गेलाय आणि पुढच्या महिन्यात त्याला १९ पूर्ण होतायत. खोकाभर खाऊ पाठवावा की त्या दिवशी फोन करावा, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करू नका असं सांगेन. त्याचा वाढदिवस तिथली माणसं साजरा करतील, आणि चांगला करतील. तुमच्याकडून थोडंसंच जावं, पण योग्य वेळी जावं.

मुलग्यांचं मिशन २४ महिन्यांचं, म्हणजे दोन वाढदिवस घराबाहेर जातात. त्यातला पहिला जड जातो. त्या दिवशी सुट्टी नसते. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास करायचा, मग दिवसभर लोकांना भेटत फिरायचं. सोबत चोवीस तास एक जोडीदार असतो, त्याला ते कम्पॅनियन म्हणतात. दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही, हा नियम वाढदिवशीही तसाच.

मोकळा वेळ मिळतो तो आठवड्यातून एकदा, ‘पी-डे’ला (प्रिपरेशन डे, तयारीचा दिवस). बहुतेक ठिकाणी हा वार सोमवार असतो. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि घरी बोलणं, सगळं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उरकायचं. १५ फेब्रुवारी २०१९ पासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायची मुभा मिळाली. त्याआधी घरच्यांचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकू यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. फोन त्याने करायचा असतो, आपण नाही. आणि तो वेळ आईवडील-भावंडांचा आहे. वाढदिवस बुधवारी आला म्हणून बुधवारी फोन लावलात, तर मुलगा नियम आणि माया यांच्यात अडकतो. त्याच्या आईला विचारा. सोमवारच्या कॉलवर दोन मिनिटं हात हलवायला ती तुम्हाला बहुधा आनंदाने बोलावेल.

तुमच्याकडून ईमेल जाऊ द्या, वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी रात्रीपर्यंत. सोमवारी सकाळी तो मेल उघडेल तेव्हा तुमचं पत्र तिथे हवं. ब्राझीलने २०१९ पासून उन्हाळी वेळ बंद केलीय, त्यामुळे साओ पावलोची वेळ युटापेक्षा उन्हाळ्यात ३ तास आणि हिवाळ्यात ४ तास पुढे असते. (मनाऊस भागात एक तास कमी धरा.) म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे सोमवारचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथे दुपारचे बारा वाजलेले असतात आणि त्याचा निम्मा पी-डे संपलेला असतो.

मेलमध्ये काय लिहावं? गल्लीतल्या बारीकसारीक गोष्टी: कोणाच्या अंगणातलं झाड पडलं, त्याचा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकतोय का. ‘तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी या पत्रात नको. ते वाचून त्याला रडू येईल आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं असेल. शेजाऱ्यांकडून १०-१५ सेकंदांच्या शुभेच्छांचे व्हिडिओ गोळा केलेत तर सगळे जोडून एकच लहान फाइल करा. मोठी फाइल मोबाइल डेटावर उतरतच नाही. पत्राच्या सुरुवातीला ‘एल्डर’ आणि पुढे त्याचं आडनाव लिहा; मिशनवर त्यांना याच नावाने हाक मारतात, छातीवरच्या काळ्या पाटीवरही तेच असतं. ‘मॉर्मन’ हा शब्द पत्रात टाळलेला बरा. २०१८ पासून चर्च आपलं पूर्ण नाव, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, वापरण्याचा आग्रह धरतं.

आता खोक्याचं. ब्राझीलला पार्सल पाठवणं हा भरवशाचा मार्ग नाही. घेणाऱ्याचा सीपीएफ, म्हणजे तिथला करक्रमांक, पार्सलवर लागतो. आयातकर नुसत्या वस्तूवर नाही, टपालखर्चासकट मोजतात, आणि तो ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वर राज्याचा कर वेगळा. हा भुर्दंड मुलाच्या खिशाला बसतो. घरी केलेले बेसनाचे लाडू तर पाठवूच नका. लेबल नसलेलं, तूपदुधाचं अन्न तपासणीत अडकतं. शिवाय दर ६ आठवड्यांनी बदल्या होतात. खोकं जुन्या खोलीवर पोचेपर्यंत मुलगा दुसऱ्या गावी गेलेला असू शकतो. पाठवायचंच असेल तर सपाट लिफाफा, आत हाताने लिहिलेलं कार्ड आणि दोन फोटो, पत्ता खोलीचा नव्हे तर मिशनच्या कार्यालयाचा, आणि किमान सहा-आठ आठवडे आधी. तुमच्या हातात महिनाच आहे, त्यामुळे यंदा लिफाफाही उशिराच पोचेल असं धरून चाला.

खाऊऐवजी थोडे पैसे त्याच्या आईकडे द्या. मिशनच्या कार्डावरचे पैसे जेवणखाण, प्रवास अशा गरजांसाठी असतात, ते केकवर उडवायचे नसतात. बहुतेकांकडे घरून भरलेलं वेगळं कार्ड असतं, केक त्यातून येतो. रक्कम दोघांपुरती द्या, जोडीदारालाही धरून. एक गोष्ट आवर्जून करा: वाढदिवसाची तारीख जोडीदाराला माहीत आहे ना, याची आईकडून खात्री करा. अनेक जोडीदारांच्या आया एकमेकींच्या संपर्कात असतात. मुलगा लाजाळू असला तर कोणाला सांगत नाही, आणि दिवस तसाच निघून जातो. यातलं सगळ्यात वाईट तेच.

तिथे तारीख कळली की बाकी आपोआप होतं. ब्राझीलमध्ये मुख्य जेवण दुपारचं, आणि चर्चमधली कुटुंबं पाळीपाळीने मिशनऱ्यांना जेवायला बोलावतात. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसंच. ज्या घरी त्या दिवशीचा वार असेल तिथे केक येतो. दिवे मालवून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणं होतं, आणि केकचा पहिला तुकडा वाढदिवसवाल्याने आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाला द्यायचा असतो. तिथे तो बहुधा यजमान घरातल्या आईला मिळतो. डोक्यावर अंडी फोडून पीठ टाकायचीही पोरांची रीत आहे, फोटोत तसं दिसलं तर घाबरू नका. सावध राहायचं ते कॉफी किंवा दारू घातलेल्या गोडाबद्दल. कॉफी, चहा, दारू त्यांना वर्ज्य. आणि वाढदिवस महिन्याच्या पहिल्या रविवारी आला तर सहसा दोन वेळचा उपास असतो, पाणीसुद्धा नाही, म्हणून केक सोमवारी.

हवं तर त्याच दिवशी तुमच्या घरी ब्रिगादेरो, म्हणजे चॉकलेटच्या गोड गोळ्या, करा आणि त्याच्या भावंडांना द्या; फोटो त्याला मेल करा. ब्राझीलमधला वाढदिवस याशिवाय होत नाही, आणि ओव्हन नसलेल्या खोलीत मिशनरीही हेच करतात. कंडेन्स्ड मिल्कचा ३९५ ग्रॅमचा डबा, ३ मोठे चमचे बिनसाखरेचा कोको, १ मोठा चमचा लोणी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर साधारण १० मिनिटं सतत ढवळा. चमचा बुडावरून ओढला की दोनेक सेकंद बूड दिसलं पाहिजे. पेढ्याचा खवा कडा सोडतो तसं. लोणी लावलेल्या ताटलीत पूर्ण गार करा, हाताला लोणी लावून लहान गोळ्या वळा, चॉकलेटच्या शेवयांत घोळवा. वीसेक होतात. आच मोठी ठेवली तर तळ करपून काळे कण मिसळतात. लवकर उतरवलं तर गोळी आकार न धरता पसरते. तेव्हा वाटीत घालून चमच्याने खायचं, तिथेही तसं खातात. जास्त शिजलं तर गार झाल्यावर चिवट होतं. अशा वेळी दोन चमचे दूध घालून पुन्हा मंद आचेवर सैल करता येतं.