सॉइल रिपोर्ट ओके आहे, मग झाडं का जगत नाहीत?

प्रश्न : नवीन हाऊसिंग प्रोजेक्टमध्ये ग्राउंड फ्लोअरचं घर घेतलंय, मागे छोटी बाग आहे. झाडं लावली की नवीन पानं पिवळी पडतात आणि मग झाडच जातं. पाणी दिलं की ते वरच साचून राहतं. बिल्डर म्हणतो सॉइल टेस्ट झालीय, रिपोर्ट ओके आहे. वरून चांगली माती आणून टाकू का?

उत्तर : रिपोर्ट खरा असेल हो, पण तो तुमच्या बागेचा नाहीये. बांधकामाआधीची टेस्ट असते ती जमीन इमारतीचं वजन पेलेल का, पाया किती खोल घ्यायचा, पाण्याने माती फुगते का हे बघायला. इंजिनिअरला घट्ट दबलेली माती हवी असते आणि मुळांना त्याच्या बरोब्बर उलट. आणि ती टेस्ट झाल्यावर त्याच जागेवर जेसीबी, डंपर, मिक्सर महिनोन्‌महिने फिरलेत, वरचा सुपीक थर खरवडून गेलाय, खड्ड्यांत राडारोडा भरलाय आणि पझेशनच्या आधी वरून दिसायला छान असा मातीचा पातळ थर पसरून लॉन टाकलंय. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण तुमची लक्षणं तरी तेच सांगतायत.

म्हणून लॅबच्या आधी कुदळ घ्या. माती जरा ओलसर असताना ४०-४५ सेंमी खोल खणा आणि खड्ड्याची कड नीट बघा. विटा, प्लास्टरचे तुकडे दिसतात का, मुळं एका ठिकाणी येऊन आडवी वळलीत का, गांडुळं आहेत का. खालची माती निळसर करडी असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथे पाणी तुंबतंय, हवा पोचत नाहीये. मग निचरा तपासा. ३० सेंमी रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. अडीच ते साडेसात सेंमी उतरलं तर उत्तम, एक सेंमीसुद्धा नाही तर खाली माती दबलेली आहे किंवा फार चिकण आहे.

पिवळ्या पानांचं म्हणाल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं असेल तर बहुतेक लोहाची कमतरता. लोह मातीत असतंही, पण सिमेंट-प्लास्टरमधल्या चुन्याने सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) ८ च्या वर गेला की झाडाला ते घेता येत नाही (बहुतेक झाडांना ६ ते ७.५ सामू चालतो). सुक्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर चुना आहे. तो काही जमिनींत मुळातच असतो, त्यामुळे लगेच बिल्डरशी भांडायला जाऊ नका!

आता लॅब. आठ-दहा ठिकाणची १५-२० सेंमी खोलीपर्यंतची माती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो द्या. भिंतीलगतची माती यात मिसळू नका, तिचा वेगळा नमुना. रिपोर्टमध्ये सामू, क्षारता (ईसी, म्हणजे मातीत विरघळलेले क्षार किती) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यासारख्या पदार्थांतला कार्बन) आधी बघा. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, क्षारता ४ डेसीसायमन/मीटरच्या वर म्हणजे खारवट. एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) नंतर, कारण दबलेल्या मातीत खत ओतून काही होत नाही.

आणि नुसती नवीन माती वरून टाकू नका, दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथेच थांबतात. आधी राडारोडा काढा, खालची माती मोकळी करा, मग ५-७ सेंमी कंपोस्ट वरच्या १५-२० सेंमीमध्ये मिसळा. माती चिखल असताना मात्र खणू नका, अजून दबेल. चिकण मातीत थोडी वाळू मिसळायचा सल्ला कोणीतरी देणारच, ऐकू नका, त्याने ती अजून कडक होऊ शकते.

प्रश्न : आमची सोसायटी जुन्या कारखान्याच्या जागेवर आहे. भाजी लावली तर चालेल का?

उत्तर : टेस्ट केल्याशिवाय नको. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम येतच नाहीत, ती टेस्ट वेगळी सांगून करून घ्यावी लागते. डिझेलचा वास किंवा तेलकट डाग असतील तर तेही लॅबला सांगा. आधी जागेचा इतिहास काढा. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या, रासायनिक कचरा पुरलेल्या जागेवर शाळा आणि घरं झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. शिशाबाबत तिथल्या ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) घरालगतच्या मातीसाठी तपासणीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० पीपीएमवर (दहा लाख भागांत २०० भाग) आणली, एवढं ते गंभीर धरलं जातं. शिसं काळाने नाहीसं होत नाही आणि भाजीपेक्षा जास्त ते हाताला लागलेल्या मातीतून, धुळीतून पोटात जातं, त्यामुळे लहान मुलं तिथे खेळत असतील तर भाजीचं सोडा, ती टेस्ट आधी करा. रिपोर्ट येईपर्यंत उघडी माती गवताने झाकून ठेवा आणि भाजी लावायचीच असेल तर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीच्या कुंड्यांत लावा.