दोन घ्या, एक मोफत. पण बिल तिन्हींचे

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये मांडणीवर ‘दोन घ्या, एक मोफत’ अशी पाटी पाहून मी एकाच वस्तूची सहा पाकिटे घेतली. आम्ही तिघी शेजारणी असा माल एकत्र घेऊन आणलेल्या भावातच वाटून घेतो. घरी आल्यावर पाहिले, तर बिलात सहाही पाकिटांचे पैसे लावले होते. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी ‘सवलत आदल्या दिवशीच संपली होती, पाटी काढायची राहिली’ असे सांगून बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले. माझ्याकडे पाटीचा फोटो आहे. रक्कम मोठी नाही. तरीही मला काही हक्क आहे का?

उत्तर : आपणांस हक्क आहे. मात्र तो ज्या आधारावर मागायचा, तो आधार आपल्या पत्रातून सूचित होतो त्यापेक्षा थोडा वेगळा आहे. करारविषयक कायद्याच्या दृष्टीने मांडणीवरची किंमत किंवा सवलतीची पाटी हा दुकानदाराने दिलेला बंधनकारक प्रस्ताव नसून, ग्राहकाने प्रस्ताव द्यावा यासाठीचे ते केवळ निमंत्रण असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माल काउंटरवर ठेवून प्रस्ताव आपण देता आणि दुकान तो तेथे स्वीकारते. त्यामुळे ‘पाटी लावली होती, म्हणून करार झालाच’ या युक्तिवादावर विसंबून राहणे मी सुचवणार नाही.

आपला खरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा आहे. या कायद्यातील ‘जाहिरात’ या संज्ञेत सूचना, लेबल आणि बिलसुद्धा येतात, त्यामुळे मांडणीवरची पाटी तिच्या बाहेर राहत नाही. कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या दिली आहे, तीत एखादी वस्तू भेट म्हणून देऊ करायची पण ती तशी देण्याचा हेतूच नसणे, तसेच जिची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केली जाते ती वस्तू मोफत असल्याचा भास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी समाविष्ट आहेत.

येथे दुकानाचा बचाव हेतूच्या मुद्द्यावर उभा राहील, हे आपण आधीच गृहीत धरावे. जुनी पाटी काढायची राहून जाणे ही चूक असू शकते, आणि चूक म्हणजे फसवणूक नव्हे, हे मान्य करावे लागेल. परंतु चूक निदर्शनास आणून दिल्यानंतरही जादा घेतलेले पैसे परत करण्यास नकार देणे ही चूक राहत नाही. तो दुकानाने समजून उमजून घेतलेला निर्णय ठरतो, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचे खरे बळ त्या नकारातच आहे. म्हणूनच तो नकार लेखी मिळवणे महत्त्वाचे आहे. बिल क्रमांक, खरेदीची तारीख आणि पाटीवरील नेमके शब्द नमूद करून दोन पाकिटांच्या रकमेचा परतावा मागणारा ईमेल दुकानाला पाठवावा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. फोटोची मूळ फाइल जपून ठेवावी, कारण फोटो काढल्याची वेळ तिच्यात नोंदलेली असते. तो बिलाच्या वेळेआधी काही मिनिटे काढलेला असेल, तर दुकानाला सांगण्यासारखे फारसे उरत नाही. बिलाची छायाप्रतही आजच काढावी, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते.

पाटीवर बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असे लिहिले असेल, तरी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा खुलाशाने मुख्य दाव्याचे खंडन करता येत नाही किंवा महत्त्वाची माहिती दडवता येत नाही. सवलतीची शेवटची तारीख ही महत्त्वाचीच माहिती आहे. बिलावरच्या त्या छापील ओळीचा येथे प्रश्नच उद्भवत नाही, कारण आपण माल परत करत नसून जादा घेतलेली रक्कम मागत आहात. पाकिटांवरील कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक रक्कम घेतल्याचे आपण म्हटलेले नाही. तसे असते, तर वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे (वजन, मापे आणि पाकिटांवरील किमतींवर देखरेख करणाऱ्या सरकारी विभागाकडे) वेगळी तक्रार करता आली असती.

दुकानाने दाद दिली नाही, तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लहान रकमांचे वाद पुष्कळदा तेथेच मिटतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वकील नेमणे सक्तीचे नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तथापि, दोन पाकिटांच्या किमतीसाठी आयोगात जायचे की नाही, हा हिशेब आपणच करावा. तारखांना लागणारा वेळ परताव्यापेक्षा महाग पडू शकतो आणि मोठ्या नुकसानभरपाईची आशा मी आपणांस दाखवणार नाही. ती पाटी अजूनही तशीच लावलेली असेल आणि इतरांनाही तसेच बिल दिले जात असेल, तर प्रश्न अनेक ग्राहकांचा होतो आणि कलम 17 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. पैशांचा आग्रह नसेल, तर हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

शेजारणींबरोबरच्या वाटणीबाबत चिंता नसावी. पुनर्विक्रीसाठी माल घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरत नाही हे खरे असले, तरी नफा न घेता घरगुती वापरासाठी केलेली एकत्र खरेदी म्हणजे व्यापार नव्हे. बिल ज्यांच्या नावे आहे किंवा ज्यांच्या खात्यातून पैसे गेले आहेत, त्यांनीच तक्रारीवर सही करावी, इतकी काळजी मात्र घ्यावी.