लेथवर परतणारा कारागीर

प्रश्न : साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमधील लेथचा एक जुना कारागीर दारू सोडण्याचे उपचार घेऊन कामावर परतत आहे. आम्ही काय काळजी घ्यावी?

उत्तर : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, तेव्हा चारित्र्याचा हिशेब मांडू नका. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला लेथऐवजी पॅकिंगवर ठेवा, पगार मात्र तोच द्या आणि तपासणीच्या दिवशी लवकर सोडा. डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास होतो म्हणून ती टाळायला लावणारे औषध) चालू असल्यास स्पिरिटने सुटे भाग पुसण्याचे काम देऊ नका, कारण अल्कोहोलच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो. सहकाऱ्यांना काय सांगायचे, हे त्यालाच ठरवू द्या. (पगाराच्या संध्याकाळच्या ‘बैठकी’ची आमंत्रणे मात्र मुकादमाने थांबवावीत.) पुन्हा प्यायल्यास यंत्रापासून दूर ठेवा, लगेच काढून टाकू नका, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.