लॅब नाही तर रिसर्च कसला?

प्रश्न: सर, मुलगी एमएला आहे, पुढे पीएचडी करायची म्हणते. आमच्या पंचवटीतले शेजारी म्हणतात रिसर्च म्हणजे सायन्सवाल्यांचं काम, बाकी सगळा टाइमपास. खरंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, शेजाऱ्यांना देवळालीचे कापरेकर मास्तर सांगा! शाळेत शिकवायचे, लॅब नाही, पीएचडी नाही, कागद-पेन्सिलवर आकडेमोड करून 1949 मध्ये त्यांनी 6174 ची गंमत शोधली. आत्ताच करून बघा, 3524 घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, 5432 वजा 2345 म्हणजे 3087, परत तेच केलं की 8352 आणि तिसऱ्यांदा 6174, मग कितीही करा तिथंच अडकता. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त 1111 सारखे चारही अंक एकच नकोत, जास्तीत जास्त सात वेळात 6174 येतंच. (मी बसमध्ये तिकिटाच्या नंबरवर करत बसतो, बायको वैतागते.)

आता निफाडचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य घ्या, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. बंधाऱ्यामागे गाळ साचून ती पाणथळ तयार झाली. तिथे पक्षी मोजायचे तर थव्याचा एक तुकडा मोजून बाकीचा अंदाज बांधतात, म्हणजे गणित आलंच. आणि काठावरच्या कांदेवाल्याला, मासेमारी करणाऱ्याला काय वाटतं हे विचारायला कोण जाणार? तुमच्या मुलीसारखंच कुणीतरी ना! ओसरीवर बसून चार तास ऐकून घेणं हाही रिसर्चच आहे, आणि सोपा तर अजिबात नाही.

विषय मात्र तिलाच ठरवू द्या, शेजाऱ्यांना नको.