गोल हुकवणाऱ्या स्ट्रायकरचा दाखला

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले सविस्तर पत्र मिळाले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत लहानाचा मोठा झालेला आपला मुलगा अकरावीत आहे आणि फुटबॉलमध्ये आघाडीवर खेळतो. यंदाच्या हंगामात त्याने सोप्या संधी दवडल्या, आणि आपण काळजीने विचारले तेव्हा त्याने सर्बियाचा माजी स्ट्रायकर सावो मिलोशेविच याचे नाव पुढे केले, "तोही हुकायचाच, तरी मोठा झाला ना!" हा दाखला कितपत मानावा, असा आपला प्रश्न आहे. दाखला खरा आहे. मात्र चिरंजीवांनी त्यातला सोयीचा तेवढाच भाग उचलला आहे.

मिलोशेविचचा जन्म 1973 चा, आजच्या बॉस्निया-हर्झेगोव्हिनातील बियेलिना गावचा. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून तो विशीच्या उंबरठ्यावर गोलांची रास घालत होता, परंतु संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे, सर्बिया तेव्हा ज्यात होता त्या युगोस्लाव्हियाचा संघ 1992 च्या युरो स्पर्धेपासून आणि 1994 च्या विश्वचषकापासून दूर ठेवला गेला होता. 1995 मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिलाने त्याला 35 लाख पौंडांना घेतले. पुढच्याच वर्षी वेम्बली येथे लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सविरुद्ध लांबून मारलेल्या जोरदार फटक्यावर त्याने पहिला गोल केला आणि व्हिलाने चषक जिंकला. तरीही प्रेक्षकांच्या तोंडी त्याचे नाव राहिले ते 'मिस-अ-लॉट-एविच', म्हणजे सारख्या संधी घालवणारा! तीन हंगामांनंतर त्याला तेथून निघावे लागले.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1998 मध्ये तो स्पेनच्या झारागोझाकडे गेला, 1999-2000 च्या हंगामात त्याने लीगमध्ये 21 गोल केले आणि संघ चौथा आला. त्याच उन्हाळ्यात युरो 2000 मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध युगोस्लाव्हियाचा संघ 0-3 असा मागे असताना आणि त्यांचा एक खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेलेला असताना त्याने सहा मिनिटांत दोन गोल करून सामना 3-3 असा बरोबरीत आणण्यात मोठा वाटा उचलला. स्पर्धेअखेर पाच गोलांसह नेदरलँड्सच्या पॅट्रिक क्लुइव्हर्टबरोबर तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. दोन वर्षांत त्याचा डावा पाय बदलला नव्हता, मैदान बदलले होते. मात्र हेही सरळ सूत्र नव्हे, कारण इटलीच्या पार्माने मोठी रक्कम मोजून त्याला नेले, तेथे त्याचा जम बसला नाही, आणि झारागोझा, एस्पान्योल, सेल्टा असे स्पेनमध्येच उसनवारीवर खेळून अखेर ओसासुनात तो स्थिरावला.

आपल्याला पालक म्हणून मी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगेन. 2007 मध्ये ओसासुना सोडल्यावर, ज्याचे एकूण आंतरराष्ट्रीय सामने पुढे 102 झाले, तो हा खेळाडू काही महिने क्लबविना होता. 2008 मध्ये रशियाच्या रुबिन कझानने त्याला घेतले आणि त्या क्लबच्या पहिल्या लीग विजेतेपदावर शिक्कामोर्तब करणारा गोल त्याच्याच नावावर आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेलग्रेडला बल्गेरियाविरुद्ध निरोपाच्या सामन्यात त्याने दोन पेनल्टी हुकवल्या आणि दोन गोलही केले. (चिरंजीवांनी बहुधा याच सामन्याची चित्रफीत पाहिली असावी.) तेव्हा तो 35 वर्षांचा होता. पुढे तो सर्बियाच्या फुटबॉल संघटनेत उपाध्यक्ष झाला आणि 2019 मध्ये प्रशिक्षक म्हणून पार्टिझानला त्याने सर्बियन कप जिंकून दिला. इतक्या यशस्वी माणसालाही पस्तिशीत दुसरा व्यवसाय उभारावा लागला, हे आपल्या मुलाने त्याच चित्रफितीसोबत लक्षात घ्यावे.

म्हणून एका हंगामावरून त्याचा खेळ थांबवू नये, आणि खेळासाठी बारावीही सोडू देऊ नये. पुढील वर्षभर त्याला आपल्या तालमीच्या, म्हणजे स्थानिक मंडळाच्या, संघाबाहेरही, शक्यतो वेगळ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळू द्यावे, म्हणजे उणीव त्याच्या पायात आहे की संघाच्या खेळपद्धतीत, हे कळेल. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक प्रशिक्षक परवान्याची चौकशी करावी. प्रत्येक सामन्यानंतर त्याने संधी किती मिळाल्या, त्या कोठून मिळाल्या आणि कोणत्या पायाने हुकल्या, एवढे एका वहीत लिहावे. मिलोशेविच हुकायचा, कारण तो सतत गोलसमोर पोहोचायचा. आपला मुलगा तेथे किती वेळा पोहोचतो, हे मला त्याच्या निकालपत्रापेक्षा त्या वहीत वाचायला आवडेल. सहा महिन्यांनी ती जरूर पाठवावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक