अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दिवाळीला घरच्या अंगणात फटाके उडवता येतात का? कायदा बदललाय म्हणतात, ते खरं का?

हो, खरं आहे. १ जुलै २०२२ पासून. त्याआधी गंमतच होती: दुकानातून रॉकेट, लडी रीतसर विकत घ्यायच्या आणि ४८ तासांत राज्याबाहेर नेऊ असं लिहून सही करायची. किती जण खरंच नेत असतील ते ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री आभाळाकडे बघून कळायचं!

नव्या कायद्याने ठरावीक दिवशी स्वतःच्या जागेत, किंवा मालकाची परवानगी असेल तर दुसऱ्याच्या जागेत, फटाके उडवता येतात. त्या यादीत ४ जुलै, ३१ डिसेंबर, चिनी नववर्ष यांच्याबरोबर चक्क दिवाळीचंही नाव आहे. विकत घ्यायला वय १८ पूर्ण हवं, आणि दारू पिऊन वात पेटवणं हा गुन्हा.

पण मेख पुढे आहे. शहरांना आणि टाउनशिपना (तिथल्या छोट्या स्थानिक प्रशासनांना) स्वतःची बंदी ठेवायची मुभा दिली आहे. कोलंबस, क्लीव्हलंडने ती ठेवलीच. त्यामुळे राज्याचा कायदा वाचून थांबू नका. तुमच्या गावाच्या अग्निशमन विभागाच्या साइटवर बघा. भाड्याचं घर असेल तर मालकालाही विचारा, आणि सोसायटीचे नियम वेगळेच.

न्यू जर्सीतले नातेवाईक 'आमच्याकडे चालतं' म्हणतील, तर तिथे २०१७ पासून फक्त फुलबाज्या, नागगोळ्या असलं किरकोळ चालतं. रॉकेट नाही.